चौबगला

माझा धाकटा भाऊ सोफे आणि गाड्यांच्या सीटा शिवतो. कुणाच्याही घरी गेला की हा माणूस आधी बसत नाही. सोफ्याच्या मागे जातो, वाकतो, शिवणीवरून बोट फिरवतो, दुसऱ्याच्या कामाला नाक मुरडतो आणि मग कुठे टेकतो. सासऱ्यांच्या घरी पहिल्यांदा गेला तेव्हाही त्यानं हेच केलं. सासरे बिचारे विचारत राहिले, काही हरवलंय का? मी बरोबर होते. माझी मान खाली गेली ती जेवण होईपर्यंत वर आली नाही.

शिवणीचा त्याला भारी गर्व. कापड विरेल, फोम बसेल, लाकडाला वाळवी लागेल, पण माझी शिवण सुटणार नाही, हे तो इतक्या वेळा बोललाय की आता त्यानं तोंड उघडलं की आम्हीच वाक्य पुरं करतो. एरवी बोलणं कमी. कामाच्या वेळी तोंडात बारीक खिळे धरायची सवय, त्यामुळे अर्धं आयुष्य तो 'हं' आणि 'उंहू'वरच जगलाय. मी त्याच्या अगदी उलट. मी बेकरीत भट्टीवर असते, आणि माझं तोंडही भट्टीसारखं कायम पेटलेलं असतं, असं माझी भावजय म्हणते. माझ्यासमोर म्हणते, म्हणून ती मला आवडते.

तर अशा या माणसाला त्याची स्वतःची मुलगी ओळखत नव्हती.

ठकू नुकती कुशीवर वळायला लागली होती, तेव्हा तो लांब एका बसच्या कारखान्यात सीटा बसवायला गेला. इथे काम नव्हतं, तिथे होतं. सुट्टी मिळेल मिळेल म्हणत कधी मिळालीच नाही. रोज संध्याकाळी मात्र तो फोनवर दिसायचा. ठकू फोनलाच 'बाबा' म्हणायला शिकली. फोनची पापी घ्यायची, फोनला बिस्कीट भरवायची, फोन बंद झाला की भोकाड पसरायची. तिकडे हा खूश. पोरगी आपल्याला विसरलेली नाही, असं त्याला वाटायचं. आम्हालाही वाटायचं.

मग भावजयीला एका इस्पितळाच्या धुलाईघरात नोकरी लागली. ठरलं असं, की तिनं कामाला जायचं, यानं परत येऊन घराच्या पुढच्या खोलीत आपलं दुकान मांडायचं आणि दिवसभर ठकूला सांभाळायचं. मी त्यांच्या शेजारीच राहते, पण भल्या पहाटे बेकरीत जाते ती दुपारी उगवते, त्यामुळे सकाळी माझा उपयोग शून्य. नोकरी सोमवारपासून. आदल्या दिवशी, रविवारी, ठकूचा दुसरा वाढदिवस. सगळं कसं छान जुळून आलं होतं.

तो आला. दारात बॅग टाकली, गुडघ्यांवर बसला, हात पसरले. ठकूनं एकदा त्याच्याकडे बघितलं आणि अशी किंचाळली की समोरच्या घरातली माणसं बाहेर आली. आईच्या पायांना तिनं जी मिठी मारली ती सोडवता सोडवेना. पहिला दिवस आहे, होणारच, असं आम्ही एकमेकींना सांगितलं. दुसऱ्या दिवशी यानं पुढच्या खोलीत सीटवर पिना ठोकायचं ते बंदुकीसारखं यंत्र चालवलं. त्याच्या ठाक ठाक आवाजानं पोरगी थरथर कापायला लागली. त्यानं ते यंत्र कपाटावर टाकलं आणि पुन्हा काही काढलं नाही. जे काम असेल ते हातानं, सुईनं, आवाज न करता.

काही दिवसांनी जरा धीट झाल्यावर ती त्याला 'काका' म्हणाली. रस्त्यावरचा प्रत्येक पुरुष तिचा काकाच. याचा चेहरा पडला, पण तसाच हसून म्हणाला, अगं, काका नाही, मी बाबा. हा माणूस किती अडाणी आहे, अशा नजरेनं ठकूनं त्याच्याकडे बघितलं. मग तुरुतुरु आत गेली, आईचा फोन घेऊन आली आणि काळ्या काचेवर बोट आपटून म्हणाली, "बाबा इथे."

त्या दिवशी तो जेवला नाही.

भावजयीला मग एक युक्ती सुचली. तिनं याला मागच्या खोलीत बसवलं आणि तिथून फोन लावायला सांगितलं. पुढच्या खोलीत ठकू फोनशी खिदळतेय, आपली बाहुली दाखवतेय, आणि भिंतीपलीकडे तिचा बाप फोनमध्ये तोंड खुपसून बसलाय. गप्पा रंगल्या तसा हा फोन हातात धरूनच हळूच बाहेर आला. ठकूनं वर बघितलं, फोन टाकला आणि पळाली. मला हसावं की रडावं कळेना. फोनची काच तडकली ती वेगळीच.

वाढदिवस जवळ आला तसा आमचा सगळ्यांचा जीव टांगणीला लागला. भावजयीच्या तोंडचं तर पाणीच पळालं होतं. सोमवारी पोरीला या माणसाजवळ टाकून जायचं कसं? दिवसभर रडून रडून ती आजारी पडेल. बरं, नवी नोकरी, पहिल्याच दिवशी दांडी कशी मारायची? ती धुतलेला कपडा पुन्हा धुवायची आणि आपण काय करतोय ते तिला कळायचं नाही. अशात एका संध्याकाळी धाकटा माझ्याकडे आला. तोंडातले खिळे काढूनच आला होता.

"ताई, रविवारपर्यंत ती माझ्याकडे आली नाही तर मी परत जातो," तो म्हणाला. "कारखान्यात माझी जागा अजून ठेवलीय. निदान फोनमधला बाप तरी राहील तिला."

मी त्याला चांगलाच फैलावर घेतला. पोर आहे ती, दगड नव्हे, वेळ लागतो, घाबरट कुठला, असं बरंच काही बोलले. तो ऐकून घेऊन निघून गेला, पण मला ते हसण्यावारी नेता येईना. कारण तो कमी बोलतो, पण बोलतो ते करतो. म्हणजे यानं पुन्हा जायचं, भावजयीनं हातातली नोकरी सोडायची आणि पोरीनं पुन्हा काचेच्या पाप्या घ्यायच्या. आणि पुढच्या खेपेला तो येईल तेव्हा ती शाळेत जायला लागलेली असेल.

वाढदिवस घरच्या घरीच करायचा होता. शेजारच्या शिक्षिका म्हणाल्या, हल्ली एक विषय घेतात आणि केक, कपडे, सगळं त्याचंच करतात. भावजयीच्या मनात फुलपाखरू होतं. मी म्हटलं, बेकरीत फुलपाखराचा साचा पडूनच आहे, केक माझ्याकडे लागला. आमचं सगळं ठरत आलं आणि कोपऱ्यातून हा म्हणाला, गोगलगाय करायची. केक मी करणार, आणि कपडेही मीच.

आम्ही दोघी बघतच राहिलो. गोगलगाय? वाढदिवसाला?

मग त्यानं सांगितलं. ठकू याच्यापासून पळायची, म्हणून हा लांब बसून, हातात सुई धरून, काम करतोय असं दाखवत तिला बघत राहायचा. मागच्या अंगणात नळ आहे. तिथे कायम ओल असते, आणि त्या ओलीत भिंतीच्या कडेला एक गोगलगाय राहते. सकाळी आई कपडे धुवायला बसली की ठकू तिच्या पाठीमागे जाऊन त्या गोगलगायीसमोर उकिडवी बसायची. तिला 'गोगो' म्हणायची. एक बोट लावायची, गोगलगाय शंखात गेली की मग वाट बघायची. हात मांडीवर, चिकाटीनं. हळूहळू शिंगं बाहेर आली की टाळ्या. भावजय धुण्यात पाठमोरी, मी बेकरीत. दोघींनाही याचा पत्ता नव्हता.

आपल्या मुलीबद्दल कुणी न सांगता त्याला कळलेली ही एकुलती एक गोष्ट होती. ती तो दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायला तयार नव्हता. केक मी केला असता तर शंभर पटीनं सुबक झाला असता. पण मी गप्प बसले, आणि माझ्या स्वभावाला ते किती जड गेलं हे मलाच ठाऊक.

त्याच आठवड्यात एकदा मी लवकर सुटले आणि मागच्या दारानं आले. ठकू घरात झोपली होती. हा एकटाच नळाजवळ उकिडवा बसला होता. गोगलगायीसमोर कोबीचं पान ठेवलेलं, आणि यानं आपल्या डोक्याला दोन बोटांची शिंगं लावली होती. गोगलगाय आत गेली की बोटं खाली, बाहेर आली की बोटं वर. मी मनात म्हटलं, झालं, याच्या डोक्यावर परिणाम झाला. काही न बोलता दार लोटून घेतलं.

आता कपडे शिवायचे तर माप हवं. आणि पोरगी तर जवळ येत नाही. भावजयीनं तिचा फ्रॉक दिला, तर हा म्हणे फ्रॉक ढगळ आहे, त्यावरून काय कळणार? सोफा काही माप द्यायला उठून उभा राहत नाही. तो असेल तिथे, असेल तसा मापायचा, ही याची जन्माची सवय. त्यानं ठकूचंही तेच केलं. दुपारी ती झोपली की खाकी कागद आणि पेन्सिल घेऊन हा तिच्या गादीशेजारी गुडघे टेकून बसला. मी दारात. ठकू झोपते ती पाठीवर, दोन्ही हात अंगाला चिकटवून, कवायतीतल्या शिपायासारखी. यानं श्वास रोखून तिच्या अंगाखाली कागद सरकवला आणि कडेकडेनं पेन्सिल फिरवली. खांद्यापासून मनगटापर्यंत, काखेपासून पायापर्यंत. अर्ध्यावर ती हलली. हा जागच्या जागी थिजला, वाकलेला तसाच. ठकूनं झोपेत हात टाकला तो नेमका याच्या मनगटावर. तिच्या मुठीत त्याचं एक बोट आलं.

त्यानं ते सोडवलं नाही. मी आत जाऊन चहा केला, प्यायले, कप धुऊन ठेवला, परत येऊन बघितलं तर हा तिथेच, तसाच. डोळे पोरीच्या चेहऱ्यावर. शेवटी तिनंच मूठ सोडली. उठला तेव्हा त्याला पाय टाकता येईना, भिंत धरून बाहेर आला. मी तेव्हा त्याला टोमणा मारायला तोंड उघडलं होतं, पण त्याऐवजी खुर्ची ओढून दिली.

एका सोफ्याचं तपकिरी मखमली कापड उरलेलं होतं. त्यातून त्यानं फोमची लांब वळी करून, गोल गोल गुंडाळून असा काही शंख केला की हात लावला की काढवेना. वळीच्या कडेनं पिवळा गोट. टोपीला दोन शिंगं, टोकाला मऊ गोळे. अंगात घालायचा पोशाख सीटच्या जाड कापडाचा, बंद सगळे पाठीवर, शंखाच्या खाली. तयार झाल्यावर त्यानं तो खुर्चीवर ठेवला आणि लांब जाऊन बघत उभा राहिला. मीही बघितला, उलटासुलटा केला, आणि काखेशी माझा हात थांबला. तिथे कापड एकसंध, ताठ, जराही जागा नाही. आमची आई कपडे शिवायची तेव्हा काखेत एक छोटा चौकोनी तुकडा जोडायची. चौबगला म्हणतात त्याला. तो असला की हात वर होतो.

मी म्हटलं, अरे, चौबगला कुठेय? त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तू तुझा ओव्हन सांभाळ, म्हणाला. खोळ अशी बसली पाहिजे की एक सुरकुती दिसता कामा नये. मी म्हटलं, खोळ सोफ्याला घालतात, ही पोर आहे, हलते. त्यावर त्यानं तीन-चार खिळे उचलून तोंडात घातले. म्हणजे बोलणं संपलं.

शनिवारी दुपारी केक. माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या ओव्हनवर, माझ्या डोळ्यांसमोर. शंखासाठी रोल करायचा होता, म्हणजे पातळ केक भाजून, क्रीम लावून गुंडाळायचा आणि उभा ठेवायचा, की वळी आपोआप दिसते. कल्पना त्याची, आणि खरं सांगायचं तर झकास होती. पण माणसाला धीर म्हणून नाही. ओव्हन लावला नाही तोच याचा हात दारावर. बघू दे, फुगतोय का. मी म्हटलं, उघडू नकोस. हो म्हणाला आणि मी पाठ फिरवताच उघडला. केक मधोमध बसला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण त्याच्याकडे बघितलं आणि विझली. वाया गेलेल्या केककडे तो अशा नजरेनं बघत होता जशी काही गाडी सुटली आणि हा फलाटावर राहिला.

दुसरा केक चांगला झाला, पण यानं तो गार होऊ दिला आणि मग फोमसारखा गुंडाळला. तडे गेले. मी म्हटलं, फोम गारच गुंडाळतात, केक गरम असताना, फडक्यात घेऊन. तिसऱ्या वेळी त्यानं माझं ऐकलं. आणि मग मात्र त्याचे हात दिसले. फडकं असं ताणून धरलं, केक असा एकसारखा वळवत नेला, की मी इतकी वर्षं भट्टीवर असून मला तसा जमत नाही. तळहातानं दाबून बघितलं, केक परत वर आला, तेव्हा तो त्या दिवसात पहिल्यांदा हसला. गोगलगायीचं अंग लांबट केकचं, वर कोकोचं क्रीम, शिंगांना चॉकलेट लावलेल्या बिस्किटाच्या काड्या. शंख उभा राहावा म्हणून आतून दोन बारीक काठ्या. जाताना त्यानं विचारलं, ताई, येईल ना गं ती? मी म्हटलं, येईल. मला काय माहीत? पण दुसरं म्हणणार काय?

रविवार उजाडला तो उकाडा घेऊन. मी सकाळपासून केककडे बघून देव आठवत होते, कारण उकाड्यात क्रीम सैल पडतं. संध्याकाळी शिक्षिका आपल्या मुलांना घेऊन आल्या, समोरचे म्हातारे घड्याळवाले आले, आणखी दोन घरची माणसं आली. खोली लहान, माणसं फार. धाकटा भिंतीला टेकून उभा होता, इस्त्रीचा शर्ट घालून, खिशात नेहमीची छोटी कात्री. ती तो झोपतानाच काय ती काढतो.

भावजयीनं आत नेऊन ठकूला पोशाख चढवला. शंख बघितल्यावर ठकू म्हणाली, गोगो, आणि अंगात घालून घ्यायला स्वतःच उभी राहिली. नाहीतर एरवी कपडे बदलताना ती घर डोक्यावर घेते. ती बाहेर आली तेव्हा खोलीतल्या सगळ्यांनी सरकून तिला वाट दिली. कुठे सुरकुती नाही, कुठे झोळ नाही, पाठीवर तो शंख, डोक्यावर डुलणारी शिंगं. आणि चालत होती अगदी सावकाश, गोगलगायीसारखं चालायचं असतं म्हणून. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. तिनंही वाजवल्या, पोटापाशी. हात त्याच्या वर जातच नव्हते. मी धाकट्याकडे बघितलं. त्यालाही ते दिसलं होतं. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

मी केक टेबलावर आणून ठेवला. सगळे पुढे सरसावले, पोरं टेबलाला चिकटली आणि मेणबत्ती पेटवायच्या आधीच तो शंख कलला. उकाड्यानं घात केलाच. कुणीतरी ओरडलं, पडला, पडला. मी खालची पाटी दोन्ही हातांनी धरली, भावजयीनं शंखच धरला, कोपरापर्यंत क्रीम. शिक्षिका म्हणतायत इकडे वळवा, घड्याळवाले म्हणतायत तिकडे. एकच गलका. आणि या सगळ्यात ज्याचा केक तो कुठेय म्हणून मी मान वळवली, तर तो केककडे बघतच नव्हता.

ठकू माणसांच्या पायांत अडकली होती. तिला टेबल दिसत नव्हतं, आई दिसत नव्हती, नुसता आरडाओरडा कानावर येत होता. ती मागे सरकत सरकत त्या पायांतून बाहेर आली. तोंड रडवेलं झालेलं. धाकटा भिंतीशी खाली बसला होता. उकिडवा, नळाजवळ बसायचा तसा. पुढे आला नाही, हात पसरले नाहीत, हाकही मारली नाही. दोन बोटं डोक्याला लावली, खाली केली, आणि सावकाश वर आणली.

ठकू थांबली. त्यानं बोटं पुन्हा खाली केली, पुन्हा वर. तिनं एक पाऊल टाकलं. मग आणखी एक. मग त्याच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली. भावजय पुढे जायला निघाली, मी तिच्या पायावर पाय ठेवला.

ठकूनं हात वर करायला घेतले. खांदे उचलले गेले, शंख हलला, शिंगं हलली, पण हात काही कोपरांच्या वर जाईनात. तिनं जोर लावला. पुन्हा लावला. शिवण त्याची होती, ती कुठली सुटायला. तिचा खालचा ओठ बाहेर आला.

"काका," ती म्हणाली, "वर."

तो तिला तशीच उचलू शकला असता. मी मनात ओरडत होते, उचल ना मेल्या, कसली वाट बघतोस? पण तो बघत होता तिच्या हातांकडे. मग त्यानं खिशातून कात्री काढली. आता ही किंचाळणार, आता सगळं संपलं.

"थांब हं, गोगो," तो म्हणाला. "हलू नकोस."

ती हलली नाही. दुपारी झोपते तशी ताठ उभी राहिली आणि मान वळवून तो काय करतो ते बघत राहिली. त्यानं डाव्या काखेतली शिवण कापली. एकेक टाका, बोट मध्ये धरून, की टोक तिला लागू नये. मग उजवीकडची. ज्या शिवणीसाठी तो आयुष्यभर लोकांशी भांडला, ती त्यानं स्वतःच्या हातानं उसवली. कात्री बाजूला ठेवली.

ठकूचे दोन्ही हात वर गेले. थेट, शिंगांच्याही वर.

त्यानं तिला उचललं. शंखाखालून एक हात घातला, एक पायांखाली, आणि उभा राहिला, तर ती त्याच्या कॉलरला धरून सगळ्यांच्या डोक्यांवरून टेबलाकडे बघत होती. गोगो, ती म्हणाली. इकडे भावजयीनं दोन्ही हात तोंडावर नेले, क्रीमसकट, आणि धरायला कुणी उरलं नाही म्हणून शंख टेबलावर आडवा झाला. कुणीही त्याच्याकडे बघितलं नाही.

धाकटा तिला घेऊन माझ्याजवळ आला. ठकू त्याच्या खांद्यावरून वाकून आडव्या केकमध्ये बोट घालत होती.

"ताई," तो म्हणाला, "चौबगला राहिला गं."

मी तुला सांगितलं होतं, हे वाक्य माझ्या जिभेच्या अगदी टोकावर होतं. जन्मात पहिल्यांदा ते मी गिळलं.

"उद्या लाव," मी म्हटलं.

त्यानं ठकूकडे बघितलं. तिचं क्रीमनं भरलेलं बोट आता त्याच्या तोंडापाशी आलं होतं, फोनला बिस्कीट भरवायची तसं. त्यानं ते खाल्लं.

"हो," तो म्हणाला. "उद्या लावतो."